अमेरिकेतल्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागार व्हायचं असेल तर: सहा आठवड्यांच्या एका ऑनलाइन कोर्सबद्दल

आधी निकाल सांगते. कोर्स चांगला आहे. शिकवणाऱ्या दोघींनी स्वतः हे काम वर्षानुवर्षं केलंय, हे पहिल्या तासाला कळतं. पण आपल्याकडच्या बायकांनी, विशेषतः एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांनी, साडेचारशे डॉलर भरण्याआधी एक गोष्ट माहीत करून घ्यायलाच हवी. ती कोर्सच्या जाहिरातीत नाही आणि पहिल्या पाच शनिवारी कुणी सांगतही नाही. तीच सांगण्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले. कोर्सचं नाव देत नाही, कारण अशाच पद्धतीचे आणखी दोन-तीन कोर्स मैत्रिणींनी केलेत आणि त्यांचीही तक्रार हीच आहे.

माझ्याबद्दल थोडं. कोल्हापूरला एका कॉलेजच्या प्रवेश विभागात नोकरी करत होते. लग्नानंतर ओहायोत आले, बरीच वर्षं एच-४ वर घरी होते, मग वर्क परमिट मिळालं आणि एका सरकारी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात फ्रंट डेस्कला लागले. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा वाटलं, आता नुसतं ‘पुढच्या खिडकीवर जा’ म्हणत बसायचं नाही, सल्लागार व्हायचं. २०२५ च्या हिवाळ्यात हा कोर्स केला. आज सल्लागार म्हणून काम करते. म्हणजे जे लिहिते ते शिकताना काय मिळालं आणि टेबलापलीकडे बसल्यावर त्यातलं काय उपयोगी पडलं, या दोन्हींच्या हिशेबाने.

वर्ग दर शनिवारी सकाळी अडीच तास झूमवर. आमच्या बॅचमध्ये वीसेक जण होते. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, आठवड्याला एक गृहपाठ, आणि शेवटी प्रत्येकाची सराव मुलाखत.

पहिला शनिवार इतिहासाचा. हे कार्यालय आलं कुठून, नियम कसे बदलले, वगैरे. बऱ्याच जणांनी कॅमेरे बंद केले होते, पण मला तो भाग आवडला. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थी वाढले आणि १९४८ साली त्यांच्या सल्लागारांची राष्ट्रीय संघटना झाली, तीच आजची नाफ्सा. १९९३ च्या न्यूयॉर्कमधल्या बॉम्बस्फोटानंतर विद्यार्थी व्हिसाकडे संशयाने बघणं सुरू झालं, १९९६ च्या कायद्यात विद्यार्थ्यांची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गोळा करायची तरतूद आली, आणि ११ सप्टेंबरनंतर २००३ मध्ये सेव्हिस ही परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी संगणकप्रणाली सगळ्यांना सक्तीची झाली. एवढं कळलं की आजच्या नोकरीचा स्वभाव कळतो. विद्यार्थ्याला धीर देणारी आणि त्याच विद्यार्थ्याची नोंद सरकारला कळवणारी व्यक्ती एकच असते. हे ज्याला जड जाईल त्याने या क्षेत्रात पडण्याआधी नीट विचार करावा.

दुसरा शनिवार आय-२० (विद्यापीठ विद्यार्थ्याला देतं तो कागद), व्हिसा आणि स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) यांतला फरक समजावण्यात गेला. हे आपल्यापैकी बहुतेकांना घरच्या कागदपत्रांमुळे अर्धंअधिक माहीत असतं. त्यावर लिहीत बसत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी मात्र मी पूर्ण फी पुन्हा भरेन. त्या दोन्ही दिवशी नुसत्या केसेस. लहान गट, एक विद्यार्थी, एक सल्लागार, बाकीचे बघणार. मग शिकवणारी बाई विचारणार, ‘हिने पहिला प्रश्न कोणता विचारायला हवा होता?’

एक केस जशीच्या तशी सांगते, म्हणजे कामाचा पोत कळेल. पदवीची विद्यार्थिनी. झोप येत नाही, रडू येतं, एक विषय सोडायचा म्हणते. सोडला तर बाराऐवजी नऊ क्रेडिट उरतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीला सत्रात किमान बारा लागतात. आजारपणामुळे कमी अभ्यासक्रम घ्यायला परवानगी मिळते, पण त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं. तिच्याकडे पत्र होतं, विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्राचं. सल्लागार झालेल्या मुलीने पत्र घेतलं, पोटभर सहानुभूती दाखवली आणि ‘हो, सोड विषय’ म्हणाली.

बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, पत्राखालची सही वाचा. सही समुपदेशक सोशल वर्करची होती, आणि नियमात सोशल वर्कर बसत नाही. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी योग्य पत्र, मग सल्लागाराने सेव्हिसमध्ये परवानगी नोंदवायची, आणि त्यानंतर विद्यार्थिनीने विषय सोडायचा. तिने आज संध्याकाळी पोर्टलवर जाऊन विषय सोडला आणि आपण उद्या सकाळी परवानगी नोंदवायला बसलो, तर मधल्या वेळात तिचं स्टेटस गेलेलं असतं. मग रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज, फी, आणि महिनोन्‌महिने वाट बघणं. एक सही आणि एका रात्रीचा फरक. आजही कुणी ‘मॅडम, एक कोर्स ड्रॉप करू का’ म्हणत आलं की मी आधी विचारते, ‘केला तर नाहीस ना अजून?’

दुसरी केस पालकांच्या फोनची. अमेरिकेत १९७४ चा फर्पा कायदा आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाचे मार्क, हजेरी, फीची बाकी, काहीही त्याच्या लेखी संमतीशिवाय आईबापाला सहसा सांगता येत नाही. कोर्समध्ये याचा सराव कोरियन आईच्या भूमिकेत एकाला बसवून केला. मी तेव्हाच मनात म्हटलं, माझ्या वाट्याला हा फोन मराठीत येणार. तसंच झालं. सल्लागार झाल्यावर थोड्याच दिवसांत साताऱ्याकडच्या एका वडिलांचा फोन आला. आडनाव ऐकून म्हणाले, ‘ताई, तुम्ही आपल्याकडच्या का? मग बरं झालं. एवढंच सांगा, पोरगा कॉलेजला जातोय का? आठ दिवस झाले, फोन उचलत नाही. जमीन गहाण टाकून पाठवलाय हो.’

आपल्या माणसाला ‘सांगता येत नाही’ म्हणताना घसा कोरडा पडतो. पण कोर्सने एक फार नेमकी गोष्ट शिकवली होती. तुम्हाला माहिती देता येत नाही, पण माहिती घेण्यावर बंदी नाही. मी त्यांना म्हटलं, ‘काका, तुम्ही मला सगळं सांगा, मी ऐकतेय. मुलापर्यंत निरोप पोचेल याची व्यवस्था मी करते. त्याने परवानगी दिली तर मी स्वतः तुम्हाला फोन करेन.’ मग त्याच्या राहत्या ठिकाणी कुणीतरी जाऊन बघेल अशी विद्यापीठाची जी पद्धत आहे ती वापरली. मुलगा ठीक होता, नापास झाल्यामुळे तोंड लपवून बसला होता. त्याने स्वतः घरी फोन केला. जिवाला धोका असेल तर कायद्यात वेगळी वाट आहे, तीही कोर्समध्ये शिकवली होती. या एका तासासाठी मी दोघींची कायमची ऋणी आहे.

ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर ठराविक काळ नोकरी करायच्या परवानगीचा, भागही पक्का होता. अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि सल्लागाराने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो पोचायला हवा. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीची) मुदतवाढ मिळाली तर आणखी ६० दिवस मिळतात. आकडे कुठेही वाचायला मिळतात. कोर्सने शिकवलं ते असं, की हे आकडे घाबरलेल्या मुलापुढे कोणत्या क्रमाने मांडायचे, आणि कुठे थांबून ‘आता वकिलाकडे जा’ म्हणायचं. पोलीस केस झाली, परवानगीशिवाय काम केलं, आश्रयाचा विषय निघाला, की सल्लागाराने स्वतःच्या मनाने सल्ला द्यायचा नाही. आपण वकील नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं की पाठ झालं.

पाचवा शनिवार रिझ्युमेचा, आणि तिथे कोर्स उतरला. सगळी उदाहरणं अमेरिकेत पदवी घेऊन, परदेशात एक सत्र शिकून आलेल्या गोऱ्या मुलामुलींची. आपल्याकडचा अनुभव या नोकरीच्या भाषेत कसा मांडायचा, याला दहा मिनिटंही मिळाली नाहीत. कोल्हापुरात प्रवेशाच्या दिवसांत रांगेतल्या दोनशे पालकांना एकाच वेळी सांभाळणं, जातीच्या दाखल्यापासून मायग्रेशन सर्टिफिकेटपर्यंत कागद तपासणं, हा या कामाचा थेट अनुभव आहे. मी तो ‘कागदपत्रांची छाननी, मुदतीचं पालन, ताणाखालच्या कुटुंबांशी संवाद’ असा माझा मीच लिहिला आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. ज्यांनी तिकडे शाळेत, बँकेत, तहसील कचेरीत काम केलंय त्यांनी ते रिझ्युमेवरून काढून टाकू नये. पदवीचं मूल्यमापन मात्र आधी करून घ्या. सल्लागाराच्या बऱ्याच जाहिरातींत मास्टर्स ‘असल्यास प्राधान्य’ असं असतं, आणि आपल्या एम.ए.ला, एम.कॉम.ला ते काय समजतात हे कागदावर असलेलं बरं.

आता ती गोष्ट.

सल्लागाराच्या नोकरीचा गाभा असतो डीएसओ, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आय-२० वर सही करणारा, सेव्हिसमध्ये नोंद करणारा नेमलेला अधिकारी. संघराज्याच्या नियमाप्रमाणे डीएसओ फक्त अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक होऊ शकतो. एच-४ ईएडी, म्हणजे एच-४ वरचं वर्क परमिट, चालत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा चालत नाही. स्वतः ओपीटीवर असलेला विद्यार्थी चालत नाही. जे-१ या एक्सचेंज व्हिसावरच्या विद्यार्थ्यांच्या जबाबदार अधिकाऱ्यालाही हीच अट आहे. विद्यापीठाला तुम्ही कितीही आवडलात तरी त्यात सूट देणं त्यांच्या हातात नाही.

आमच्या बॅचमध्ये भारतीय नावांच्या निदान सहा-सात जणी होत्या. त्यातली नाशिकची एक मुलगी माझी मैत्रीण झाली. दहा वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डच्या रांगेत, एच-४ ईएडीवर, हुशार, तिची केस सोडवण्याची पद्धत सगळ्या वर्गात उठून दिसायची. सहाव्या शनिवारी सराव मुलाखतीत तिला विचारलं, ‘तू नागरिक आहेस की ग्रीन कार्डधारक?’ ती म्हणाली, दोन्ही नाही. तेव्हा बाई अगदी सहज म्हणाल्या, ‘अरे, मग डीएसओची पदं तुला बंद आहेत.’ वर्ग पुढे सरकला. तिचा कॅमेरा बंद झाला.

मला याचा राग आला आणि अजून आहे. साडेचारशे डॉलर ही रक्कम वर्क परमिटच्या नूतनीकरणावर घर चालवणाऱ्या बाईला लहान नाही. आणि प्रश्न पैशांचाच नाही. ज्या पेशाचं निम्मं काम लोकांना वेळेवर खरी अट सांगणं आहे, तो शिकवणाऱ्यांनी ही अट नोंदणीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत लिहायला हवी. मी दोघींना ईमेल केला. उत्तर सौजन्याचं आलं, ‘पुढच्या बॅचला विचार करू’ असं. त्यानंतरच्या बॅचची जाहिरात पाहिली, बदल दिसला नाही.

तरी एच-४ किंवा एच-१बी वर असलेल्यांनी हे दार बंद समजू नये. मी फ्रंट डेस्कला लागले तेव्हा ग्रीन कार्ड नव्हतंच. ओरिएंटेशन आणि कार्यक्रमांचं संयोजन, परदेशी अर्जदारांचे प्रवेश, गुणपत्रिकांचं मूल्यमापन, शिष्यवृत्ती विभाग, विद्यार्थ्यांना शहरात रुळायला मदत करणारे उपक्रम, यांतल्या बहुतेक जागांना डीएसओची अट नसते. जाहिरातीत ‘डीएसओ म्हणून काम करणे आवश्यक’ हे वाक्य शोधायचं. ते नसेल तर अर्ज करा. एच-१बी वाल्यांसाठी एवढंच, की विद्यापीठांना वार्षिक लॉटरीची मर्यादा लागू नाही. पण अशा जागेसाठी स्पॉन्सर करायला कार्यालयं सहसा उत्सुक नसतात, हे मी आतून बघितलंय. नाशिकच्या मैत्रिणीला पुढे एका कम्युनिटी कॉलेजात प्रवेश विभागात जागा मिळाली. ग्रीन कार्ड आलं की ती सल्लागार होईल, याबद्दल मला शंका नाही.

कोर्समध्ये आणखी एक उणीव आहे, नोकरीच्या बाजारावर खरं बोलण्याची. इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनच्या ओपन डोअर्स अहवालाप्रमाणे २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ११ लाख ७७ हजार ७६६ परदेशी विद्यार्थी होते, त्यांत भारतीय ३ लाख ६३ हजार १९. आधीच्याच वर्षी, २००९-१० नंतर पहिल्यांदा, आपण चीनला मागे टाकलं होतं. कोर्सच्या स्लाइडवर चढता आलेख होता, आणि पेशाला उज्ज्वल भविष्य आहे असं म्हणून दोघी पुढे गेल्या. पण भारतीयांतले फार मोठ्या संख्येने मास्टर्सला येणारे किंवा ओपीटीवर असलेले. व्हिसाचं धोरण हललं की हीच संख्या आधी हलते. २०२५ च्या शरदात नव्याने दाखल होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत १७ टक्के घट झाल्याचं त्याच संस्थेच्या पाहणीत आलं. ज्या विद्यापीठांचं अंदाजपत्रक या फीवर उभं आहे तिथे रिकाम्या जागा भरणं थांबतं. नोकरी शोधताना विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थी किती देशांतून येतात ते बघा. एकाच देशावर आणि एकाच अभ्यासक्रमावर भार असेल तर मुलाखतीत त्याबद्दल सरळ विचारा.

आणि ताणाबद्दलही बोलायला हवं होतं. कोर्स संपून महिना होतो न होतो तोच एप्रिल २०२५ आला. देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारी बाजूने अचानक बंद झाल्या. अनेक ठिकाणी विद्यापीठाला आधी काही कळवलंच नव्हतं. सल्लागारांनी प्रणाली उघडून बघितलं तेव्हा समजलं. आमच्याकडे रोज सकाळी सगळ्या नोंदी तपासायचं ठरलं. मी फ्रंट डेस्कवर होते. मुलं दारात येऊन नुसती उभी राहायची, ‘माझं नाव ठीक आहे ना, एवढं बघून सांगा’ म्हणून. महिनाअखेरीस, कोर्टात एकामागून एक दावे उभे राहिल्यावर, नोंदी पूर्ववत करण्याचं सरकारने सांगितलं. त्या दिवसांत आमच्या ज्येष्ठ सल्लागार जेवणाची वेळ विसरायच्या, पण प्रत्येक मुलाला खुर्ची देऊन बसवायच्या. मी हे काम करायचं तेव्हा नक्की केलं. दुसऱ्या कुणी हेच बघून नको म्हटलं तर ते मला तितकंच पटेल. पण निवड करणाऱ्याला दोन्ही दिसायला हवं.

पैसे नसतील तर काय? बरंच काही फुकट आहे. अमेरिकी गृहसुरक्षा खात्याचं ‘स्टडी इन द स्टेट्स’ हे संकेतस्थळ आहे. त्यावर सल्लागारांसाठी सेव्हिसचं मार्गदर्शन सगळ्यांना वाचायला खुलं आहे. रूक्ष आहे, पण अचूक. नाफ्साच्या प्रादेशिक परिषदा शरदात होतात, वार्षिक परिषदेपेक्षा स्वस्त पडतात, आणि तिथे तुमच्याच भागातली कार्यालयं भेटतात. नवख्यांसाठी नाफ्साची एफ-१ सल्लागारांची कार्यशाळाही आहे. आमच्या कार्यालयात नवीन माणसाला आधी तिथेच पाठवतात. नोकरीच्या जाहिरातींसाठी हायरएडजॉब्स हे संकेतस्थळ. तिथे वाचताना सनॅप्सिस, टेरा डोटा अशी या कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं वारंवार दिसतील. ती शिकून यावं लागत नाही, पण काय करतात ते माहीत असावं. सनॅप्सिस मुळात इंडियाना विद्यापीठात तयार झालं, आणि सल्लागारांच्या रोजच्या कामातून आलंय हे वापरताना जाणवतं. आणि ज्या गावात राहता तिथल्या विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणायला, ऑगस्टमधल्या ओरिएंटेशनला स्वयंसेवक लागतातच. माझी ओळख तिथूनच झाली. व्हिसा कोणताही असला तरी आधी कार्यालयाला आपलं स्टेटस सांगून, खरोखर बिनपगारी स्वयंसेवेचंच काम आहे ना, हे विचारून घ्या.

तर कोर्स कुणी घ्यावा? ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हातात आहे, विद्यापीठात आधीपासून कुठल्या तरी टेबलावर आहात आणि सल्लागाराच्या जागेवर सरकायचंय, त्यांनी जरूर घ्यावा. केसेसचे दोन शनिवार तुम्हाला मुलाखतीत इतरांच्या पुढे नेतील. एच-४ ईएडीवर असाल तर आत्ता घेऊ नका. ते साडेचारशे डॉलर प्रादेशिक परिषदेला आणि पदवीच्या मूल्यमापनाला लावा. नुकतंच मास्टर्स करून ओपीटीवर असाल तर फी भरण्याआधी त्यांना ईमेल करून विचारा की डीएसओ सोडून कोणत्या पदांची तयारी तुम्ही करून घेता. उत्तर मोघम आलं तर थांबा.

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी साडेतीन. नोंदणीच्या फॉर्मवर ती एक ओळ आली की मी चार करेन. पुढची बॅच जानेवारीत आहे. तोपर्यंत कुणाला जाहिरातीतली अट नीट कळत नसेल तर खाली विचारा, मी रात्री मुलं झोपल्यावर उत्तर देते.